करपलेल्या कोपऱ्याचा एक्का

मी एक जुना इस्पिकचा एक्का आहे. मित्रांनो, माझे सारे आयुष्य एका इस्त्रीच्या दुकानात गेले. कारखान्यातून निघालो तेव्हा कॅटमधल्या इतर पत्त्यांसारखीच माझी पाठ निळी आणि गुळगुळीत होती. मग एकदा कोणीतरी घाईत माझ्या पाठीला तापलेली इस्त्री टेकवली. कोपरा करपला. "चालतंय की!" म्हणत मला पुन्हा कॅटमध्ये सारले.

दुपारी गिऱ्हाइकांची ये-जा थांबली की इस्त्रीच्या टेबलावरच डाव बसायचा. समोरासमोरचे दोघे भिडू. दुकान चालवणाऱ्या घरातले सासरे आणि त्यांचा मुलगा ही एक जोडी, सासूबाई आणि त्यांची बहीण ही दुसरी. बहीण परगावी गेली, तेव्हा तिच्या जागी नव्या सुनेला बसवले.

"आलेल्या रंगाचं पान द्यायचं. मोठं पान ज्याचं, त्याचा हात. तो रंगच नसेल तर हुकूम मारायचा," सासूबाईंनी शिकवले. पहिल्याच डावात सुनेने सासूबाईंच्याच बदामच्या एक्क्यावर हुकूम मारला.

"अगं बाई, तो आपलाच हात होता!"

सगळे खो खो हसले, तीही हसली. दिवसभर मान मोडून काम करणारे ते घर तेवढ्याच वेळात हसायचे. सुनेला त्या हसण्यात आपली जागा हवी होती.

ती भराभर शिकली, गेलेली पाने लक्षात ठेवू लागली. तरी हरायचीच. कारण मी! मी कोणाकडे आहे हे बाकीचे तिघे माझ्या कोपऱ्यावरून ओळखायचे. लबाडी नव्हती हो. सवयीने नजर जायची, आणि आपण पाहतो हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते. सुनेला वाटे, जुन्या पत्त्यांना डाग असायचेच. मी सासऱ्यांकडे असलो की ती बिचारी आपला इस्पिकचा राजा घेऊन थेट माझ्या तोंडी यायची. मला ओरडावेसे वाटे, पण पत्त्याला वाचा कुठली?

एका दुपारी शेवटचे दोन्ही हात मिळाले तर सासू-सून पहिल्यांदाच जिंकणार होत्या. सुनेने मला राखून ठेवले होते. सासऱ्यांचा इस्पिकचा राजा पडला की त्यावर मला टाकायचे. बेत अगदी बरोबर होता. सासऱ्यांनी राजाला बोट लावले, त्यांची नजर माझ्या पाठीवर गेली आणि पडले दुसरेच पान. तो हात त्यांनीच नेला आणि डाव गेला.

"बाबा, तुम्हाला कळतं तरी कसं?"

"अंदाज गं! खेळून खेळून येतो," सासरे अगदी मनापासून म्हणाले.

"मग मला नाही यायचा तो. माझं डोकंच नाही त्यात. तुम्ही खेळा."

"अगं, बस गं!" म्हणत सासूबाईंनी हात धरला. तिने तो हलकेच सोडवला आणि ती इस्त्रीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तिघांनी कॅट काढला, पिसला आणि परत ठेवला. तिघांत भिडू कसे पाडणार?

मित्रांनो, आम्हाला जपून वापरा, हे तर मी सांगेनच. पण नव्या माणसाला डाव शिकवाल, तेव्हा नुसते नियम सांगून थांबू नका. तुम्हाला न सांगता जे कळते, ते त्याला आधी सांगा. नाहीतर चांगले हुशार माणूस स्वतःला मठ्ठ समजून उठून जाते, आणि आम्हाला त्याला हाकही मारता येत नाही.