कोमोच्या काठी विसरलेला तांब्या

मी तांब्या बोलतोय. नावाला तांब्या, अंगानं अस्सल पितळ. मुक्काम कॉव्हेंट्री, दिघ्यांच्या फ्रंट रूममधलं काचेचं कपाट, वरचा खण. खाली लाल मखमल आणि शेजारी इंग्रजीत छापलेलं एक कार्ड. पण माझा हा थाट बघून फसू नका. माझं बहुतेक आयुष्य संडासात गेलं आहे.

जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. १९६२ साली यमुनाबाईंनी मला लेकीच्या रुखवतात मांडलं आणि त्याआधी माझ्या पोटावर नाव घालून घेतलं : ‘यमुनाबाईकडून चि. प्रमोदिनीस’. खरं तर पिण्याच्या पाण्यासाठी दिलं होतं हो मला!

लग्नानंतर प्रमोदिनी मला घेऊन इथे आली. नवरा चंद्रशेखर इथल्याच एका कारखान्यात इन्स्पेक्टर. घर छान होतं, पण टॉयलेटमध्ये नुसता कागद. पहिल्याच सकाळी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझी बदली वरच्या मजल्यावर झाली. पुढे यमुनाबाई वारल्या तेव्हा प्रमोदिनीला जायला जमलं नाही. आईचं म्हणून तिच्याकडे उरलो तो मी एकटा, आणि मी कुठे, तर फ्लशच्या टाकीवर. घासताना ती त्या नावावरून बोट हळूच फिरवायची. तिला फार लागायचं ते.

१९८७ साली लग्नाला पंचवीस वर्षं झाली. चंद्रशेखरनं बेत ठरवला : इटली, दहा दिवस, घाईगर्दी नाही. आधी सरोवरं, तिथले जुने व्हिला, मग व्हेनिस. प्रमोदिनीनं सगळ्यात आधी मला टॉवेलात गुंडाळलं.

“अगं, इटलीला चाललोय आपण. पीपल विल लाफ.”

“अहो, हसू देत. तो नसेल तर मी घराबाहेर पडत नाही.”

कोमोच्या हॉटेलात बाथरूममध्ये कमोडशेजारी एक बुटकं बेसिन होतं. चंद्रशेखर त्याच्यावर बेहद्द खूश झाला. “पाय धुवायला सेपरेट बेसिन! काय कल्चर आहे या लोकांचं!” मग दोघं दिवसभर बागा आणि व्हिला हिंडून आली की त्यात पाय बुडवून बसायची. मी बाजूला भरलेला उभा असायचो, पण मला तरी काय ठाऊक!

तिसऱ्या दिवशी एका व्हिलाच्या टॉयलेटमध्ये घोळ झाला. बोटीचा भोंगा वाजला, चंद्रशेखरनं बाहेरून “लवकर!” म्हणून ओरडा केला आणि प्रमोदिनी मला संगमरवरी खिडकीत विसरून पळाली. सफाईवाल्या बाईनं मला पुसून तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराकडे दिलं. त्यानं चष्मा लावला, माझ्या पोटावरची अक्षरं पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. त्याला वाटलं, मी व्हिलातल्या पूर्वेकडच्या वस्तूंच्या कपाटातूनच कोणीतरी हलवलेला ऐवज. दुसऱ्या दिवशी मी मखमलीवर, शेजारी कार्ड : ‘पौर्वात्य पूजापात्र, बहुधा अठरावं शतक. कोरलेलं नाव देवीचं असावं.’

खोटं कशाला बोलू, मी फुगलो. पंचवीस वर्षांत मला कोणी ‘पात्र’ म्हटलं नव्हतं.

तिकडे व्हेनिसमध्ये प्रमोदिनीनं अन्नपाणी सोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, असं नंतर ऐकलं. गावभर पाणीच पाणी, आणि न्यायला तांब्या नाही. गोंडोलात बसूनही ती एकच बोलली, “आईचं नाव मी संडासात ठेवलं, आणि आता तेही हरवलं.” चंद्रशेखरनं उरलेलं व्हेनिस रद्द केलं आणि दोघं परत कोमोला आली.

मी कपाटातून बघतोय, तर समोर वीसेक इंग्रज पर्यटक आणि त्यांच्यामागून ती येतेय. रखवालदार माझंच कौतुक सांगत होता. प्रमोदिनीनं कार्ड वाचलं. ‘नाव देवीचं’ इथपर्यंत आली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“अहो, सांगा ना त्यांना. तो माझा आहे.”

“प्रमोदिनी, प्लीज, इथे सीन नको.”

रखवालदारानं नम्रपणे विचारलं, बाईंचं असेल तर हे पात्र नेमकं कशाचं? चंद्रशेखरचे कान लाल झाले. या माणसानं शेजाऱ्यांना मी फुलांना पाणी घालायचा तांब्या आहे असं सांगितलं होतं. त्यानं बायकोकडे एकदा पाहिलं, टाय सरळ केला आणि वीस इंग्रजांसमोर, खणखणीत आवाजात, हातवाऱ्यांसकट सगळं समजावून सांगितलं.

इंग्रज मंडळी छताकडे बघू लागली. रखवालदाराचा चेहरा मात्र उजळला. “अहो, मग आमचं बिदे! प्रत्येक घरात असतं. कमोडशेजारचं बुटकं बेसिन.”

दिघे नवराबायको आपापल्या पायांकडे बघत राहिली.

रखवालदारानं मला दोन्ही हातांनी प्रमोदिनीला दिलं. तिनं कार्डही मागून घेतलं.

कॉव्हेंट्रीत परत आल्यापासून मी इथे, कपाटात. बाथरूममध्ये हिरवा प्लॅस्टिकचा जग आला. पाहुणे विचारतात, “कुठून आणलात?” प्रमोदिनी म्हणते, “इटलीहून.” त्यातल्या सुलक्षणावहिनींनी तर कार्ड वाचून मला नमस्कार केला. मान मिळतो, पण मी कोरडा ठणठणीत. आठ वर्षं पाण्याचा थेंब नाही.

परवा तो जग तडकला. चंद्रशेखर पहाटे पाय न वाजवता खाली आला, मला वर घेऊन गेला आणि नंतर पुन्हा होतो तिथे ठेवून गेला. काय सांगू, अंगात जीव आला! पण सकाळी धूळ पुसायला प्रमोदिनीनं मला उचललं. आतून ओला. आता मी कायमचा कुलपात, असं मला वाटलं.

तिनं नावावरून बोट फिरवलं आणि हाक मारली, “अहो, नवा जग आणू नका. आईनं हा पाण्यासाठीच दिला होता.”

तेव्हा आमच्याकडे आलात तर जरूर बघा मला. नमस्कारही करा, हरकत नाही. फक्त संध्याकाळी या. सकाळी मी कामावर असतो.