माझ्यावर काढलेला कवड्या

मी अड्याळजवळच्या एका गावातल्या शाळेची बोलकी भिंत बोलतेय. आधी मुकीच होते. बकऱ्या अंग घासायच्या, पोरं सायकली टेकवायची, तेवढाच माझा उपयोग. मग हर्षा मॅडम बदलून आल्या आणि त्यांनी मला बोलकं करायचं मनावर घेतलं. पाढे आले, महिने आले, नकाशा आला. खरं सांगते, मला तोरा चढला होता.

इथं धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, साप नेहमीचेच. म्हणून मॅडमनी सापांचा तक्ता काढायचं ठरवलं. इंटरनेटवर एक सुरेख तक्ता मिळाला. रंग ठसठशीत, हजारो लोकांनी वाखाणलेला. तो कुणी तयार केला, कुणी तपासला, हे त्यावर कुठंच नव्हतं आणि मॅडमनीही शोधलं नाही. इश्वर पेंटरने तो हुबेहूब उतरवला. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, आणि खाली 'कवड्या, बिनविषारी'.

पाचवीतल्या मोनाला तो तक्ता तोंडपाठ. मधल्या सुट्टीत माझ्यावर बोट ठेवून ती लहान पोरांना शिकवायची.

कापणीनंतर ती आईबरोबर धानाचे भारे उचलायला गेली. भाऱ्याखालून साप निघाला आणि बोटाला चावला. तिची आई मंदाबाई घाबरली, दवाखान्यात चल म्हणाली. मोना हसली.

"काहून घाबरून राहिली माय? कवड्या होय तो. शाळेच्या भिंतीवर लिहून हाये, बिनविषारी."

दुखत नव्हतं, सूजही नव्हती. आईने शिकलेल्या लेकीचं ऐकलं. पोरीच्या पापण्या मिटायला लागल्या तेव्हा गाडीची धावाधाव झाली. भंडाऱ्याला पोचेपर्यंत तिचा श्वास थांबला होता.

मोनाच्या वडिलांनी, चंद्रकुमारने, शेतातच मोबाइलवर काढलेला सापाचा फोटो डॉक्टरांनी पाहिला. ही मण्यार, ते म्हणाले, जहाल विषारी. मॅडम तो फोटो घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. माझ्यावर काढलेला साप तोच होता, नाव तेवढं दुसऱ्याचं. त्या तिथेच खाली बसून रडल्या. मला तर रडताही येईना.

आता माझ्यावर चुना आहे. परवा मंदाबाई आली. हे सगळं तिनं माझ्यासमोरच मॅडमना सांगितलं. तिला वाचता येत नाही. कोऱ्या चुन्यावर हात ठेवून तिनं विचारलं, "इथंच होतं का जी?"

मॅडमनी तिचा हात धरून तक्त्याच्या जागी नेला.

नवा तक्ता यायचाय. या वेळी मॅडमनी तो आधी डॉक्टरांकडे आणि वनखात्याकडे तपासायला दिलाय. चांगलंच केलं. पण तो शिकवायला मोना नाही, आणि मला तिच्या बोटाची फार आठवण येते.

गुरुजनहो, माझ्यावर काहीही लिहिण्याआधी विचारा, हे कुणी सांगितलं आणि त्याला कसं ठाऊक. पोरं विचारणार नाहीत. त्यांना वाटतं, शाळेची भिंत खोटं बोलत नाही.