विषय क्रमांक सात

“विषय सात. मणक्याचा प्रस्ताव.” अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. “बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

बाई फाइल घेऊन उठल्या. स्टेम सेलच्या संशोधनासाठी सरकारी पैसा कुणाला द्यायचा, हे ही समिती ठरवी. तिच्यात बारा शास्त्रज्ञ होते आणि सामान्य माणसांच्या वतीने एकट्या बाई, पोस्टातून निवृत्त झालेल्या. शास्त्रज्ञ त्यांना गमतीने ‘जनता’ म्हणत. “जनता आली, करा सुरू!” बाईंना त्याचं काही वाटत नसे. चार वर्षं त्या डिक्शनरी उशाशी घेऊन प्रस्ताव वाचत होत्या.

हा सगळा खटाटोप मणक्याच्या एका प्रस्तावासाठी होता. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा शिडीवरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. आता प्रस्ताव आला, तर नियम आडवा आला. घरात रुग्ण असेल, तर त्या आजाराच्या प्रस्तावावर मत द्यायचं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे ज्याचं जळतं त्यानेच बाहेर बसायचं. फॉर्मवर मुलाचं लिहिलं नसतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण जन्मभर दुसऱ्याचं पाकीट न फोडलेल्या बाईंना ते जमलं नाही.

“काय बाई, काढलं वर्गाबाहेर?” शिपायाने विचारलं.

“हो ना. एवढा अभ्यास केला आणि पेपरलाच बसू देईनात.”

बाई हसल्या.

वीस मिनिटांनी त्यांना बोलावलं. आत सगळ्यांच्या माना कागदात. अध्यक्ष मात्र उठले. चार वर्षांत कधी धड वर न पाहिलेल्या त्या माणसाने बाईंची खुर्ची मागे ओढून दिली. मुलगा पडला त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनीही आधी खुर्ची दिली होती, मग सांगितलं होतं.

विषय आठ डोळ्यांचा होता. प्रस्ताव चांगला होता. बाईंनी हात वर केला.

घरी मुलगा दारातच चाकाच्या खुर्चीत वाट पाहत होता.

“आई, सातचं काय झालं गं?”

“जाहीर होईपर्यंत मलाही सांगत नाहीत. नियम आहे.”

“अध्यक्ष काहीतरी बोलले असतील ना?”

“नाही रे. खुर्ची ओढून दिली मला.”

डॉक्टरांच्या खुर्चीची हकिगत मुलाने आईच्याच तोंडून ऐकली होती. त्याने चाकं वळवली, टेबलापाशी गेला आणि हात लांब करून खालची खुर्ची बाहेर ओढली.

“बस जरा,” तो म्हणाला.