मी खोदलेली विहीर

रांग तिसऱ्या मजल्यावर सुरू व्हायची, जिना उतरायची, माझ्या दाराला वळसा घालायची आणि खाली रस्त्यावर चपला शिवणाऱ्याच्या छत्रीपर्यंत पोचायची. मी दुसऱ्या मजल्यावर. दारावर माझी पाटी: समुपदेशक, बावीस वर्षांचा अनुभव. लोक त्या पाटीला पाठ टेकून उभे राहायचे. एकदा एका आजोबांनी आत डोकावून मला विचारलं, "काय हो शिपाई, दोन खुर्च्या मिळतील का बाहेर?" दिल्या. नाहीतरी रिकाम्याच होत्या.

वर बसायचा मौनी. लोकांचा मौनीसर.

"एक शब्द बोलले नाही हो मी!" खाली उतरणारी एक बाई डोळे पुसत सगळ्या रांगेला सांगत होती. "सगळं त्यांनीच सांगितलं. नवऱ्याचं, नोकरीचं, पाठदुखीचंसुद्धा!"

मौनीची पद्धत अशी. समोरचा बोलायला लागला की हा हात वर करायचा. "बोलू नका. शब्द म्हणजे मनावरची धूळ. मी धूळ बघत नाही, मी आरसा बघतो." मग सात मिनिटं डोळे मिटून बसायचं. मग रेडिओवर स्टेशन लागावं तसा आवाज यायचा, "दिसतंय... दिसतंय..." आणि खरंच दिसायचं हो त्याला! काहींना मात्र तो सांगायचा, "तुमचा पडदा आज जाड आहे. पुन्हा या." ते बिचारे आपल्याच पडद्याला नावं ठेवत जिना उतरायचे.

हा मौनी माझ्याइतकाच परवानाधारक समुपदेशक. आम्हा पाच जणांची दर गुरुवारी चार वाजता माझ्याच क्लिनिकमध्ये बैठक असायची. अवघड केस सगळ्यांपुढे मांडायची, म्हणजे कुठं चुकत असेल तर चौघं सांगतात. नियम दोन: नाव घ्यायचं नाही आणि ओळख पटेल असा तपशील बदलायचा. मौनी कधी तोंडच उघडायचा नाही, म्हणून टिपणवही त्याच्या गळ्यात पडली. आम्ही चौघं बोलायचो, तो लिहायचा. चौघांत जास्त कोण बोलायचं ते मला विचारू नका, माझ्या बायकोला विचारा. आठ वर्षांनी त्यानं बैठक सोडली आणि वर्षभरात तो अंतर्ज्ञानी झाला.

आता तुम्हाला वाटेल, बावीस वर्षांचा अनुभवी माणूस, याला लगेच संशय आला असणार. आला ना! मला संशय आला, की माझ्यातच काहीतरी कमी आहे. एका रविवारी मी बायकोसमोर सात मिनिटं डोळे मिटून बसलो.

"दिसतंय," मी म्हणालो. "तुझ्या मनात काहीतरी दडलंय."

"दडलंय कसलं? तीन दिवस ओरडून सांगतेय, नळ गळतोय म्हणून. उठा!"

बायको शाळेत गणित शिकवते. तिच्यापुढे आरसेबिरसे चालत नाहीत.

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. रांगेतून एक ओळखीचा चेहरा माझ्या दारात आला. चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या ताई. दोन वर्षं माझ्याकडे येत होत्या. सात वर्षांच्या असताना त्यांच्यावर धाकट्या भावाला सांभाळायचं काम सोपवलं होतं, आणि तो कालव्यात बुडाला. डॉक्टरबाईंच्या गोळ्या आणि माझ्याकडचं बोलणं, असं दोन्ही मिळून त्यांचं बरं चाललं होतं. चार महिन्यांपूर्वी त्या अचानक यायच्या बंद झाल्या.

"आत बसू का सर? पाय दुखतायत. माझा नंबर लांब आहे."

उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या.

"बोटांना काय झालं?"

"घासायच्या चाकात गेली. अकरा दिवस झोप नाही ना."

"आणि गोळ्या?"

"बंद केल्या. मौनीसर म्हणाले, गोळ्यांनी पडदा जाड होतो. भाऊ माझ्याशी बोलायला बघतोय, गोळ्या मध्ये येतात." त्यांचा चेहरा उजळला. "सर, त्यांनी न सांगता सगळं ओळखलं. फक्त एकच गोष्ट वेगळी. त्यांना विहीर दिसली, आणि पाण्यावर तरंगणारी लाल बादली. आमच्याकडे कालवा होता हो. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, दुःख जागा बदलतं. आता मलाही विहीरच दिसते. डोळे मिटले की ती लाल बादली."



ती विहीर मी खोदली होती. एका गुरुवारी यांची केस मांडताना मी नियमाप्रमाणे कालव्याची विहीर केली. इथवर ठीक. बादली मात्र नियमात नव्हती. ती मी रंग भरायला घातली होती. बादली ऐकून समोरच्यांनी हातातले कप खाली ठेवले होते आणि मी आठवडाभर स्वतःवर खूश होतो. आणि चष्म्याचं दुकान? ते बदलायलाच हवं होतं. पण "दुसऱ्यांच्या काचा स्वच्छ करणाऱ्या बाईला स्वतःचं काही स्पष्ट दिसत नाही" हे वाक्य इतकं झकास जमलं होतं, की टाकवेना.

"पाणी घ्या," एवढंच मी म्हणालो, आणि जेवायच्या निमित्तानं घरी पळालो.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "आत सोडण्याआधी तो फॉर्म भरून घेतो ना? त्यावर काय काय विचारतात?"

"नाव, काम, याआधी कोणाकडे जात होतात..." मी थांबलो.

"झालं! काम आणि आधीचा माणूस कळला की तुमची ती गुरुवारची वही उघडायची आणि पान शोधायचं. वहीत नसेल त्याचा पडदा जाड. बावीस वर्षांचा अनुभव म्हणे!"

"अगं, पण तिला सांगायचं म्हणजे तिची गोष्ट मी बाहेर बोललो हे कबूल करायचं. लायसन्स जाईल माझं."

"आणि नाही सांगितलं तर तिची बोटं जातील. बोटं दहाच असतात, एवढं गणित तुम्हालाही येतं. चला, ताट नंतर वाढते."

परत गेलो तेव्हा ताई माझ्याच खुर्चीत बसल्या होत्या. दार लावलं आणि सांगून टाकलं. वही, गुरुवार, विहीर, सगळं. त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"चहा पिताना सांगितलंत?"

"हो."

"बिस्किटं होती?"

"...होती."

"भाऊ माझा गेला," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि बादली तुम्ही ठेवलीत तिथं." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्या उठल्या आणि तरातरा जिना चढायला लागल्या. मी मागोमाग.

वरच्या दाराशी जाऊन त्या रांगेकडे वळल्या. "ज्यांचा पडदा उघडला त्यांनी हात वर करा!" अकरा हात वर झाले. "याआधी कोणाकडे जात होतात?" अकराच्या अकरा जण आम्हा चौघांपैकी कुणाकडे तरी जाऊन आलेले. "आणि ज्यांचा जाड निघाला?" नऊ हात. त्यातला एकही आमच्यापैकी कुणाची पायरी चढला नव्हता.

"मला दोन मुली आहेत म्हणाले," एक गृहस्थ पुटपुटले. "मला तर मुलगे आहेत. मी म्हटलं, मागच्या जन्मीच्या असतील."

मौनी बाहेर आला. "शांतता! शब्द म्हणजे धूळ..."

"धूळ पुसायचाच धंदा आहे माझा," ताई म्हणाल्या. "माझ्या भावाच्या वेळची ती बादली. रंग कोणता?"

"लाल," तो तत्काळ म्हणाला.

"बादली नव्हतीच. विहीरही नव्हती. या सरांनी ती रचून सांगितली आणि तुम्ही वहीत उतरवून घेतलीत."

मौनीनं माझ्याकडे बोट केलं. "हा माणूस माझ्यावर जळतो!"

"जळतो," मी म्हणालो. "पण बादली माझीच आहे."

जिन्यात कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि रांग मोडली ती मोडलीच.

ताईंनी परवाना परिषदेकडे एकाच पाकिटातून दोन तक्रारी धाडल्या, एक मौनीची आणि एक माझी. माझा कबुलीजबाब मी सोबत जोडला. परिषदेच्या तपासणीत मौनीच्या टेबलाच्या खणात वही सापडली. विहिरीचं पान निघालं, बादलीखाली दोन रेघा. विश्वासानं सांगितलेलं विकून खाल्लं, अधिकार नसताना औषधं बंद करायला लावली, म्हणून त्याचा परवाना कायमचा रद्द झाला.

मग माझी पाळी. "मी तपशील बदलला होता," मी चाचरत म्हणालो.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तिला लपवायला लागेल तेवढा बदलला नाहीत. स्वतःला मिरवायला लागेल तेवढा मात्र बदललात."

सहा महिने परवाना निलंबित, वर गोपनीयतेचं प्रशिक्षण. शिकवायला कोण, तर माझीच जुनी विद्यार्थिनी. तिनं मला पहिल्या बाकावर बसवलं आणि म्हणाली, "सर, उदाहरणं जरा आवरती घ्या."

ताईंनी डॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली गोळ्या पुन्हा सुरू केल्या. झोप लागते. बोटं बरी झाली. आता त्या दुसऱ्या समुपदेशकाकडे जातात. योग्यच आहे ते, पण मला लागतं, खोटं कशाला बोलू. विहीर अजून कधीतरी दिसते म्हणतात. तेवढी ती मला बुजवता आलेली नाही.

हे सगळं लिहायची परवानगी मी त्यांच्याकडे मागितली. दुकान कशाचं लिहायचं, भाऊ म्हणायचं की आणखी काही, ते त्यांनीच ठरवलं. लिहिलेलं वाचून त्यांनी कागद परत पाठवले. एकाच ठिकाणी पेन्सिलीची खूण होती. मी लिहिलं होतं, "कालव्याचं हिरवट, संथ पाणी." शेजारी त्यांनी लिहिलं होतं, "तुम्हाला कसं माहीत?"

वाचकहो, माझ्याजवळ याहून मोठा उपदेश नाही. तुमच्या मनातलं कुणी न सांगता ओळखलं, तर पाया पडण्याआधी एवढं विचारा. डोळे मिटून बसणाऱ्याला विचारा, आणि पाटी लावून बसणाऱ्यालाही विचारा. ज्याच्याकडे उत्तर आहे, तो रागावणार नाही.

माझ्याकडे नव्हतं. मी ते वाक्य खोडलं.