गळ्यातली फळी

नासिमियूला शाळेत कुणी नावानं हाक मारत नसे. पोरं तिला ‘नेकेसाची आई’ म्हणत, आणि त्यात खोटं काय होतं? लेक हायस्कूलच्या पहिल्या वर्गात, आई शेवटच्या, दोघींचा गणवेश एकच. बत्तिसाव्या वर्षी निळा झगा घालून पोरासोरांत बसायचं, हे काही खायचं काम नव्हे. पण बाईनं ठरवलं होतं, शेवटची परीक्षा द्यायची आणि नर्स व्हायचं.

घोडं अडलं होतं इंग्रजीपाशी. ही नापास झाली तर शाळेचा निकाल घसरेल, असं मुख्याध्यापक मासिंदे सरांच्या डोक्यात बसलेलं. परीक्षेच्या यादीत तिचं नाव काही चढेना.

त्या आठवड्यात वर्गात चाललं होतं, आधी घडून गेलेलं सांगून वाक्य सुरू करायचं. नासिमियू मका खुरपताना तोंडानं घोकायची, ‘वाऱ्यानं पाडलेला मका गुरांनी खाल्ला.’

गुरुवारी जेवणाच्या रांगेत नेकेसाच्या पायावर उकळती पेज सांडली. आई धावली ती बुकुसूत, आपल्या घरच्या भाषेत, ओरडतच. पोर कळवळत असताना इंग्रजी कुणाला सुचतं हो? पण शाळेचा नियम म्हणजे नियम. घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात लाकडी फळी, आणि दुसरा कुणी बोलताना सापडला की फळी त्याच्या गळ्यात. संध्याकाळी ज्याच्याकडे उरेल त्यानं सगळ्या शाळेसमोर त्या आठवड्याच्या धड्यावर वाक्यं म्हणायची.

दुपारभरात तिला दहा जण पकडता आले असते. तिनं एकालाही पकडलं नाही. बोलायचंच आहे ना, मग बोलूनच दाखवते, असं म्हणून ती बसून राहिली.

संध्याकाळी मासिंदे सरांनी बजावलं, चुकलीस तर यादीचं नाव काढायचं नाही. पोरं आधीच खुसुखुसू हसत होती. नासिमियू उभी राहिली आणि इंग्रजीत सुरू झाली.

“सतराव्या वर्षी शाळेतून काढलेली मी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या शेतात राबले. नवऱ्यानं टाकलेली मी एकटीनं लेक वाढवली. लेकीच्या जुन्या पुस्तकांनी शिकवलेली मी पुन्हा या फाटकातून आत आले.”

हसणं थांबलं. नेकेसा पायाला फडकं गुंडाळून पहिल्या रांगेत बसली होती, ती रडत होती.

“यादीतून वगळलेली मी उद्याही येईन. परवाही येईन.”

एकही चूक नव्हती. सरांनाही भरून आलं होतं. मग कारकुनाकडे वळून ते चक्क बुकुसूत म्हणाले, “बघत काय बसलास? लिही या बाईचं नाव.”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. कारकुनानं नाव लिहिलं. ते पुरतं लिहून होईपर्यंत नासिमियू हलली नाही. मग तिनं गळ्यातली फळी काढली, सरांपुढे गेली आणि दोन्ही हातांनी, अदबीनं पुढे धरली.

“सर, आता ही तुमची,” ती इंग्रजीत म्हणाली.

सरांनी मुकाट्यानं मान पुढे केली.