माझी मान आणि तियानाचं मशीन

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझ्या घरात समोरासमोरच्या दोन खिडक्या एका वेळी उघडत नाहीत. एक उघडा, खुशाल उघडा. दुसरीला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे. आरपार वारा आधी मानेत शिरतो, मानेतून दातांत, दातांतून कानात, आणि मग डॉक्टर येऊन भलतंच लॅटिन नाव सांगतो. सर्बियातल्या आमच्या लेस्कोवात्समध्ये हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. बसमध्ये कोणी दुसरी खिडकी सरकवली की अख्खी बस ओरडते, "प्रोमाया!", म्हणजे हाच आरपार वारा, आणि ड्रायव्हर आरशातून बघतो, कोण हा खुनी म्हणून.

माझा नवरा रादिवोये अकरा वर्षांपूर्वी तसाच गेला. मी फरशी पुसली होती. लवकर वाळावी म्हणून खोलीची आणि स्वयंपाकघराची, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. तो मधे सोफ्यावर पेपर वाचत बसला होता. संध्याकाळी तोंड वाकडं झालं, तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाला, मेंदूतली नस. म्हणो बापडा. खिडक्या कोणी उघडल्या होत्या ते मला ठाऊक आहे.

तर आता तियानाच्या मशीनची गोष्ट.

तियाना माझी सून. इमारतींचे नकाशे काढते. गेल्या वर्षी तिने नोकरी सोडली आणि आमच्याच घरात, बाहेरच्या खोलीत, स्वतःचं काम थाटलं. समुद्रावर जायचे पैसे मोडून एक लॅपटॉप आणला. खोक्यावर लिहिलं होतं, व्यावसायिकांसाठी. मी हातात घेऊन बघितला. इतका पातळ, की मला वाटलं नुसतं झाकणच दिलं, खालचं सामान मागून येणार असेल.

"आई, जपून हं," तियाना म्हणाली. "सगळ्यांत भारी आहे हा."

"भारी? अगं, माझी कात्री याच्यापेक्षा भारी होती."

मी अडतीस वर्षं कारखान्यात पुरुषांचे कोट बेतले आहेत. कामाचं हत्यार कसं असतं ते मला कोणी शिकवू नये. माझी कात्री काळी, बोजड, दिसायला भुतासारखी. पण एका दमात लोकरीचे बारा थर कापायची, आणि जानेवारी असो की ऑगस्ट, तिने कधी तोंड पाडलं नाही. हा लॅपटॉप दिसायला नवरदेव. बरं, मी म्हटलं, असेल बाई, जग पुढे गेलं असेल.

मेमध्ये नगरपालिकेने स्पर्धा जाहीर केली. आपल्या भाजीबाजारावर नवं छप्पर, नवे कट्टे, सगळं नवं; ज्याचा आराखडा पसंत पडेल त्याला काम. तियाना पहिल्या चाळणीतून पार झाली. उरले तीन जण. दुसरे दोघं बेलग्रेडचे, मोठ्या कचेऱ्यांतले. आता अठ्ठावीस ऑगस्टला, शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या आत, बाजार कसा दिसेल याची चार मिनिटांची फिल्म पाठवायची होती. आणि हे काम नाही मिळालं तर काय, तेही घरात ठरलेलं होतं. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या एका कंपनीने तियानाला बोलावलं होतं. माझा मुलगा ओग्न्येन, तियाना आणि सहा वर्षांची नात दुन्या, तिघंही जाणार. ओग्न्येनने मला विचारलं होतं, "आई, तूही येशील ना?" मी म्हटलं, येईन की, शवपेटीतून. तो हसला नाही.

म्हणजे बघा, त्या झाकणाएवढ्या मशीनवर माझं सगळं घर टांगलेलं होतं.

जुलैपर्यंत मशीन पळालं. मग उन्हाळा असा तापला, की बाल्कनीत ठेवलेल्या मिरच्या चुलीशिवाय भाजतील. आमचं घर चौथ्या मजल्यावर, एसी नाही. मीच बसवू दिला नाही, एसी तर मानेवर नेम धरूनच वारा सोडतो. पंखा शेजारच्या स्पासेनियाला कधीच देऊन टाकलेला. आणि तियानाचं मशीन कासव झालं. एका चित्राला दोन मिनिटं लागायची, तिथे पाच लागायला लागली. बरं, फिल्मसाठी असली चित्रं किती, तर हजारांनी.

तियानाने त्याच्याखाली फ्रीजरमधली रासबेरीची पिशवी ठेवली. दहा मिनिटांत टेबल लालभडक. ओग्न्येन ओरडला, "अगं, पाणी जाईल आत! वेड लागलंय का तुला?"

"लागलंय!" ती ओरडली. "मग तू कर ना काहीतरी!"

शेवटी मशीन मिल्येन्कोकडे गेलं. मिल्येन्को आमच्या जुन्या कारखान्याच्या तळघरात दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने दोन दिवस ठेवून घेतलं आणि फोन केला, "वहिनी, काहीही झालेलं नाही. माझ्याकडे घोड्यासारखं पळतंय." घरी आणलं, पुन्हा कासव. पुन्हा दुकानात, पुन्हा घोडा. असं तीनदा झालं. तियानाचा चेहरा उतरत चालला होता. एकदा ती दुन्याला जर्मन आकडे शिकवताना मला दिसली. आईन्स, त्स्वाय, द्राय. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच पातेली आपटली.

शुक्रवार उजाडला. मशीन रात्रभर मिल्येन्कोकडेच होतं, फिल्मचं काम तिथे चालू ठेवलं होतं. पण त्याला गावी मेरीमातेच्या सणाला जायचं होतं, दहाला दुकान बंद. तियाना घरी कागद जुळवत बसली होती म्हणून मशीन आणायला मी गेले.

मिल्येन्को कोट घालून तयार. कोटाचा डावा खांदा उतरलेला, बाही आखूड. "कोणी शिवला हा?" मी विचारलं.

"तयार घेतला, रोसांदामावशी."

"दिसतंच आहे."

मी काउंटरशी उभी राहिले, आणि गुडघ्यांना काहीतरी गार लागलं. मग मानेला. मी खाडकन वळले. पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं, आणि मधून वारा असा वाहत होता की टेबलावरच्या पावत्या फडफडत होत्या.

"मिल्येन्को! मेल्या, तोंड वाकडं व्हायचंय का तुला? प्रोमाया!"

"अहो मावशी, माझी नाही, मशीनची सोय आहे ही. हे लोक लॅपटॉप पातळ करायचा म्हणून आतला पंखाच काढून टाकतात. मग गरम झालं की ते आपोआप हळू चालतं. जळू नये म्हणून स्वतःला जपतं."

"स्वतःला जपतं? आणि काम कोण जपणार?"

"ते खोक्यावर लिहिलेलं नसतं," मिल्येन्को म्हणाला आणि दोन्ही दारं ओढून घेऊन सणाला निघून गेला.

मशीन काखेत धरून मी घरी आले. आणि आता मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते. मी काहीच केलं नाही. मला सगळं कळलं होतं. अख्ख्या घरात वाऱ्याचं मला जेवढं कळतं तेवढं कोणाला कळत नाही. तरी मी मशीन टेबलावर ठेवलं, कॉफी टाकली आणि गप्प बसले.

साडेदहाला पडद्यावर दिसत होतं, पाच तास बाकी. तियाना म्हणाली, "साडेतीनला होईल, आई. देवच पावला." अकराला, सहा तास. साडेअकराला, साडेसात. ती नुसती त्या आकड्याकडे बघत होती. तिच्या हनुवटीवरून घाम टेबलावर टपकत होता. तिची खुर्ची बरोबर सोफ्याच्या जागी. रादिवोये बसायचा तिथेच. मी तरी काय करणार होते? एकाला घालवलं तिथे दुसऱ्याला बसवू?

बाराला पडद्यावर नऊ तास.

तियानाने फोन उचलला. "आई, मी श्टुटगार्टला कळवते. सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय, पण आता थांबून काय करायचं? ऑक्टोबरपासून येतो म्हणते." आवाज अगदी साधा. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"ठेव तो फोन," मी म्हटलं.

"आई..."

"ठेव म्हणते ना! आणि ऊठ त्या खुर्चीवरून."

मी खोलीची खिडकी सताड उघडली. मग स्वयंपाकघरात गेले. तिथली खिडकी अकरा वर्षांत फक्त पुसण्यापुरती उघडायची, तीही खोलीची बंद करून. कडी हाताला लागली. मनात म्हटलं, रादिवोये, आता पुन्हा काही केलंस तर बघ. आणि ओढली.

खोलीचं दार धाडकन आपटलं. पडदा छताला गेला. तियानाचे सगळे कागद उडाले आणि ती किंचाळली, "आई, प्रोमाया!"

बघा! सून माझीच.

"मला माहितीये ते! मिल्येन्कोच्या दुकानात हाच वारा होता म्हणून पळत होतं तुझं मशीन. दाराला खुर्ची लाव. टेबल इकडे ओढ, मधोमध."

मी कपाटातून माझी इस्त्री टेकवायची जाळी काढली. बिडाची, भोकाभोकांची, कारखान्यातून निवृत्त होताना आणलेली. तिच्यावर लॅपटॉप ठेवला, म्हणजे खालूनही वारा लागेल. तियानाच्या मानेला लोकरीची शाल गुंडाळली. सदतीस डिग्रीत. ती "अहो, अहो" करत राहिली. मग मी माझी खुर्ची घेतली आणि तिच्या मागे, खिडकीकडे पाठ करून, रादिवोयेच्या सोफ्याच्या जागी बसले.

"तुम्ही कशाला तिथे बसताय?"

"वारा आधी मला लागू दे. तुझ्यापर्यंत येईल तो गाळून येईल."

"वारा असा गाळला जात नाही, आई."

"तू नकाशे काढ."

पाऊण तासात आकडा चारवर आला. मशीन पळायला लागलं. स्पासेनिया वाटीत मुरंबा घेऊन आली, दारातून दोन्ही खिडक्या बघितल्या, छातीवर क्रॉसची खूण केली आणि वाटी उंबऱ्यावर ठेवून पळाली. आम्ही दोघी इतक्या हसलो की तियानाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "होईल ग पोरी," म्हटलं. मला स्वतःलाच खात्री नव्हती.

चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी फिल्म गेली.

मग तियानाने ती मला दाखवली. आपला बाजार, पण काय देखणा! उंच छप्पर, मिरच्यांचे ढीग, टोमॅटो, माणसं. आणि कोपऱ्यात एक लांब बाक, त्याच्या पाठीशी उंच काचेची भिंत.

"ही काच कशाला?"

तियाना शालीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "तुम्ही भाजी घेऊन दमलात की बसायला. मागून वारा लागू नये म्हणून."

"कधी काढलंस हे?"

"मेमध्येच. सगळ्यांत आधी."

मेपासून या पोरीने माझी मान सांभाळली होती, आणि मी दीड तास कॉफी ढवळत बसले होते. मी तिला ते सांगितलं. आल्यापासूनच मला कळलं होतं, मी घाबरले, मी गप्प बसले. तिने शाल सोडून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बाबांच्या जागी बसलात ना तुम्ही आज?"

"हो."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी माझी मान धरली. अशी, की ओग्न्येनशी बोलायचं तर सगळं अंग वळवावं लागे. मी खूश. "बघा! मी सांगत नव्हते? म्हणे वाऱ्याने काही होत नाही!" तियाना सकाळ-संध्याकाळ राकिया दारूने मान चोळून द्यायची. आणि पठ्ठी दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून चोळायची. मी दर वेळी ओरडायचे, पण उठून लावायला काही गेले नाही.

सोमवारी नगरपालिकेतून फोन आला. काम तियानाला. परीक्षकांनी म्हणे मुद्दाम लिहिलं होतं: बाकीच्या दोघांचे बाजार चारी बाजूंनी उघडे आहेत, तिथे आपल्या गावचं एकही माणूस पाच मिनिटं बसणार नाही, हा बाक ज्याने काढला त्याला इथली माणसं कळतात. ओग्न्येनने मला उचललं. मी बोंबलले, "मान! मान!"

मी जाहीर केलं, पुढचं मशीन घ्यायला मी येणार. जाड हवं, वजनदार हवं, आणि दुकानातच तासभर भट्टीजवळ ठेवून बघणार. खोक्यावर काय लिहिलंय ते त्यांचं त्यांनी वाचावं.

संध्याकाळी तियाना श्टुटगार्टला उत्तर लिहीत बसली होती. मी सगळं अंग वळवून विचारलं, "कारण काय लिहितेस?"

ती टाइप करता करता म्हणाली, "लिहिलं, सासूची मान धरलीये, घर सोडून येता येणार नाही."