बाळाशी नातं

"बाई, जरा येता का? शीरच सापडत नाहीये," शेजारच्या खोलीतून नव्या मुलीनं हाक मारली, तशा बाई उठल्या. रक्त घ्यायला बाईंचा हात इतका हलका, की टोचून झालं तरी माणूस विचारायचं, कधी टोचताय म्हणून. तीस वर्षं लॅबमधले सगळे अवघड हात त्यांच्याच वाट्याला.

पडदा सारला, तर खुर्चीत त्यांचीच सून. तिसरा महिना, आणि दोन्ही हातांना कापूस.

"आई? तुमची तर आज सुटी ना?"

"बदलून घेतली. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी घरात असताना इथं चोरून येतेस होय?"

बाईंनी फॉर्म उचलला. बाळाच्या गुणसूत्रांत दोष असायची शक्यता किती, हे आईच्या रक्तावरून बघायची तपासणी. असले फॉर्म बाई रोज वाचायच्या, पण आज एका ओळीशी अडकल्या. 'कुटुंबात कुणाला डाउन सिंड्रोम?' या ओळीपुढे सुनेनं लिहिलं होतं, 'नाही'.

घरी बाईंची मोठी लेक होती, छकुली. वय वर्षं बत्तीस. आत्ता ती वहिनीच्या साड्यांच्या घड्या घालत बसली असेल. बाईंना लागलं, फार लागलं.

"फॉर्म तुमच्या हाती पडेल म्हणून तसं लिहिलं," सून पुटपुटली. "तुम्हाला वाटेल, आम्हाला ताईंसारखं बाळ नकोय."

"नकोय का?"

"माहीत नाही, आई. भीती वाटते."

"वाटणारच. माझ्या वेळी ही तपासणी असती, तर मीही केली असती. पुढं काय केलं असतं, ते देव जाणे. खोटं कशाला सांगू? मूठ आवळ."

नळी भरली, तरी सुनेला कळलं नाही.

बाईंनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला, खिशातलं पेन दिलं. "माहिती चुकली, की डॉक्टरांचा सल्लाही चुकतो. नीट लिही."

सुनेनं 'नाही' खोडून 'हो' केलं. पुढची ओळ होती, 'असल्यास, बाळाशी नातं'. ती जरा थांबली, मग लिहिलं, 'आत्या'.

छकुलीबद्दल आजवर कागदांवर पुष्कळ लिहिलं गेलं होतं. हे कुणीच लिहिलं नव्हतं.

"ताईंना अजून बाळाचं सांगितलं नाहीये," सून म्हणाली. "आज मीच सांगते."

बाईंनी नळीवर सुनेच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. ती वाकडी लागली, म्हणून काढून पुन्हा चिकटवली.